सहाव्या वर्षीचं भांडण

‘जोडगोळी सोडा’ सहाव्या वर्षी बंद पडलं. दोघा भागीदारांचं कडाक्याचं भांडण झालं, एक जण अनवाणीच निघून गेला, दुसऱ्यानं काही महिने एकट्यानं रेटलं आणि मग शटरला कुलूप लावलं.

असं काही झालेलं नाही. हे वाचलंच नाही असं समजून पुढे चला. कारण दुकान अजून सुरूच व्हायचं होतं. पाटी रंगवून झाली नव्हती, पाटीवर मालक म्हणून कुणाचं नाव आधी यावं ह्यावरून वाद चालू होता, आणि ज्या कर्जातून पाटीचा रंग यायचा ते कर्ज मागायलाच तर दोघं आले होते.

“सहाव्या वर्षी गेलं,” कलबुर्गी मॅडम म्हणाल्या. सोलापूरच्या नवउद्योजक साहाय्य कार्यालयातल्या त्या अधिकारी. नकार हळू आवाजात द्यायचा, असं त्यांना प्रशिक्षणात शिकवलेलं होतं.

“फार दिवस आजारी होतं का?” अंबादास येमूलनं विचारलं.

शेजारी बसलेल्या सिद्धाराम हत्तुरेनं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. “गप की बे. मॅडम, म्हणजे कर्ज नाही?”

“दुकानच राहत नाही तर फेडणार कुठून? मलाही वाईट वाटतं हो. पण तालमीत तसं आलंय.”

तालीम म्हणजे ते यंत्र. पूर्वी धंद्याला कर्ज हवं तर तारण लागायचं, जामीनदार लागायचा, निदान आत ओळख तरी लागायची. तरुण पोरांकडे ह्यातलं काहीच नसतं. असतं ते फक्त पुढचं आयुष्य. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की तेच तपासून घ्यावं. अर्जदारानं काही महिने आपला फोन यंत्राला उघडा ठेवायचा. तो कधी उठतो, कुणाशी काय बोलतो, कशावर चिडतो आणि चिडल्यावर किती वेळानं निवळतो, हे सगळं यंत्र ऐकत राहतं आणि त्यातून त्या माणसाची एक छाया तयार करतं. छायेला अंग नसतं, नुसत्या सवयी असतात. मग जागेचं मोजमाप घेऊन हुबेहूब तसंच दुकान यंत्रात उभं करायचं, छाया आत सोडायच्या आणि दहा वर्षं धंदा चालवायचा. तोही एकदा नाही, हजार वेळा. एका खेपेला उन्हाळा लांबवायचा, एका खेपेला समोरचा रस्ता खणून तसाच ठेवायचा, एका खेपेला शेजारी तसलंच दुसरं दुकान काढायचं. हजार खेपांत जे पुन्हा पुन्हा घडतं, तो निकाल. हे सगळं मॅडमचा चहा निवायच्या आत होतं.

‘तालीम भविष्य सांगत नाही, फक्त सवयी पुढे नेऊन पाहते,’ असं कार्यालयाच्या भिंतीवर ठळक लिहिलेलं होतं. भिंतीखालच्या बाकावर बसलेल्यांना हा फरक पटत नसे, कारण कर्ज दोन्हीकडून मिळत नव्हतं. आणि तालमीचा शिक्का नसेल तर कुठलीच बँक दारात उभं करत नव्हती.

“रस्ता खणला म्हणून नाही बुडालात तुम्ही,” मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या. “धंदा उलट छान चालला होता. जवळजवळ सगळ्या खेपांत एकच कारण आलंय. भागीदारांतला वाद.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“तुझ्यामुळे,” दोघं एकदम म्हणाले.

*

यंत्राचं काही चुकलं नव्हतं. सिद्धाराम आणि अंबादास तिसरीपासून भांडत होते. पूर्व भागातल्या शाळेत एका बाकावर बसवल्याबरोबर पहिलं भांडण बाकाच्या मध्यावरून झालं, आणि ते मिटायचं राहून गेलं. त्यावर नुसते नवे थर चढत गेले. एकाला दुसऱ्याची काळजी वाटली की तो आधी शिवी देई. “गिळलास काय बे?” असं एक जण विचारी, “तुझ्या बापाचं गिळलं काय?” असं दुसरा म्हणे, आणि मग दोघं एका ताटात जेवत. अंबादासची आई दारात विड्या वळत बसे. तिला सिद्धारामही अम्माच म्हणे. ह्या आरडाओरड्याची तिला इतकी सवय झाली होती की तो थांबला की ती दचकून मान वर करी.

सिद्धाराम घरोघर पार्सलं पोचवायचं काम करी. अंबादास टॉवेलच्या कारखान्यात यंत्रांवर लक्ष ठेवायला होता. एक दिवस त्याला सांगण्यात आलं की यंत्रंही त्याच्यावर लक्ष ठेवून आहेत आणि दोघांपैकी एकच पुरे. त्याच संध्याकाळी तो भंगारबाजारातून गोटी सोडा भरायचं जुनं यंत्र हातगाडीवर घालून घेऊन आला.

“येडा झालास काय बे?” सिद्धाराम म्हणाला.

“लोकांना आता जुनं पाहिजे. गोटी आत ढकलली की ‘टॉक्’ वाजतं ना, त्या आवाजाला पैसे देतेत लोक.”

“आणि बाटलीत काय भरणार? आवाज?”

“ते तू बघ. भागीदार आहेस तू.”

सिद्धाराम भागीदार झाला तो असा.

जागा अंबादासच्या आजोबांची होती, हातमागाची खोली. माग केव्हाच विकले गेले, राहिला तो खड्डा. जुन्या खड्डामागावर विणकर जमिनीला टेकून बसे आणि पाय खाली खड्ड्यात सोडून माग चालवी. इथे दोन माग लागून होते, म्हणून खड्डा चांगला माणूसभर लांब आणि कमरेइतका खोल. अम्मा अजूनही दसऱ्याला त्याच्या काठावर हळदकुंकू वाही. आणि अंबादास दुपारी जेवला की काठावर चपला काढून, त्यात चादर अंथरून झोपे. सोलापूरच्या उन्हात जमिनीखालची ती कमरभर जागा म्हणजे फुकटचा गारवा होता.

सिद्धारामला ते मुळीच मान्य नव्हतं, आणि त्याच्या बाजूनं शास्त्र होतं. सोड्यात भरतात तो कार्बन डायऑक्साइड वायू हवेपेक्षा जड असतो. बाटलीत असला की तो आतून जोर लावतो, गोटी तोंडाशी दाबून धरतो, आणि सगळं झकास चालतं. पण सिलिंडरमधून गळला तर धुरासारखा वर जात नाही. पाण्यासारखा खाली उतरतो. त्याला वास नाही, रंग नाही. खोलीतली सगळ्यात खोल जागा तो गाठतो आणि तिथली हवा वर ढकलून स्वतः बसतो. उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. खाली झोपलेल्याला पत्ता लागायची संधीच मिळत नाही.

सिलिंडरवाल्यानं हे सिद्धारामला एकदा सांगितलं होतं. सिद्धारामनं ते अंबादासला रोज सांगितलं, ओरडून. शिवाय जेवण झालं की तो एक पणती पेटवून दोरीनं खड्ड्यात सोडी. विझली तर वायू आहे. ती कधी विझली नाही. अंबादासची झोप मात्र रोज उडे.

“आजोबा चाळीस वर्षं बसले बे ह्यात. काय झालं त्यांना?”

“आजोबा सोडा विणत होते काय? वर ये.”

“चादर ओढू नको.”

“वर ये म्हणतो ना. एक दिवस मुरूम आणून बुजवून टाकतो बघ हा खड्डा.”

“हात तर लावून बघ. आजोबाचा आहे तो.”

“आजोबाचे माग विकलास आणि खड्ड्यावर एवढं प्रेम?”

“माग विकता येतो. खड्डा कोण घेतंय?”

चादरीची ओढाओढ होई, सिद्धाराम जिंके, कारण तो उभा असे. अंबादास शिव्या घालत वर येई, सोड्याच्या खोक्यांच्या आडोशाला पाठ करून झोपे, आणि जागा झाला की सगळं विसरलेला असे. दोघांचे फोन हे सगळं इमानेइतबारे ऐकत होते.

*

“नेमकं कशावरून भांडलो आम्ही सहाव्या वर्षी?” सिद्धारामनं मॅडमना विचारलं.

“अपील केलंत तर दाखवता येईल. पण अपील केलं की वर्षभर पुन्हा अर्ज करता येत नाही.” मॅडमनी खणातून दोन पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. “त्यापेक्षा सुधारणा कालावधी घ्या. ह्या मनगटावर बांधायच्या. आवाज चढला, नाडी वाढली, हाताला घाम सुटला की पट्टी पिवळी होते. भांडण झालं की लाल. एकदा लाल झाली की कालावधी पहिल्यापासून. सहा महिने, म्हणजे दसऱ्यापर्यंत, दोघांच्या हिरव्या राहिल्या तर छाया नव्यानं तयार होतील आणि तालीम पुन्हा.”

“म्हणजे भांडायचं नाही फक्त?” अंबादास म्हणाला. “एवढंच? आम्ही कुठं भांडतो?”

त्याच्या हातातली पट्टी तेवढ्यात पिवळी झाली. बांधलेलीही नव्हती.

पहिले काही दिवस दोघं एकमेकांकडे नुसते बघत बसले, कारण शिव्या वगळल्यावर बोलायला काय उरतं ते शोधावं लागत होतं. मग त्यांनी टीव्हीवर चर्चेला येणारी माणसं बोलतात तसं बोलायला सुरुवात केली.

“लिंबाचं प्रमाण किंचित कमी करावं, असं माझं नम्र मत आहे.”

“उत्तम सूचना, सिद्धाराम. मी तिचा जरूर विचार करीन.”

शेजारच्या सायकलवाल्यानं दोन दिवस हे ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी हळूच येऊन विचारलं, “घरात कुणी गेलं काय रे?”

पाटीवरच्या नावांचा वादही मिटला. सिद्धाराम म्हणाला, तुझं नाव आधी. अंबादास म्हणाला, छे छे, तुझं. दोघंही हटेनात, आवाज वाढायला लागला, पट्ट्या पिवळ्या झाल्या, आणि शेवटी रंगाऱ्याला कुणाचंच नाव घालू नको म्हणून सांगितलं.

अम्मा एकदा डबा घेऊन आली. खोक्यावर बसून तिनं दोघांचं बोलणं ऐकलं. भाकरी मोडता मोडता तिचा हात थांबला. सिद्धारामला तिनं बाहेर बोलावलं.

“खरं सांग. भांडलात काय रे?”

“नाही अम्मा. एकदासुद्धा नाही.”

“तेच म्हणते मी,” अम्मा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “काय झालं एवढं?”

सिद्धारामनं तिला पट्टी दाखवली, कर्ज समजावलं, तालीम समजावली. सगळं ऐकून ती म्हणाली, “लेकरांना गप करून कुणाचा धंदा चाललाय?” मग तिनं डबा बांधला आणि गेली.

खड्ड्याचा प्रश्न राहिला होता. पट्ट्या बांधल्या त्या दुपारी सिद्धारामनं सवयीनं पणती पेटवली. अंबादास डोळे मिटून म्हणाला, “तुझी काळजी मी समजू शकतो.” त्याची पट्टी पिवळी. सिद्धारामनं चादरीला हात घातला. त्याचीही पिवळी. दोघांनी एकदम हात मागे घेतले. मग गुण्यागोविंदानं ठरलं की खड्ड्याचा विषय दसऱ्यानंतर काढायचा. दसऱ्यानंतर पोटभर भांडू, खड्ड्यात उतरून भांडू, असं अंबादास म्हणाला आणि दोघंही हसले. पणती फळीवर गेली.

त्याच्यात एक गंमत होती, ती सिद्धारामला कळत होती आणि सांगता येत नव्हती. अंबादासला त्या खड्ड्यात झोपलेला बघून रोज त्याच्या पोटात गोळा येई. पूर्वी तो गोळा ओरडून बाहेर पडे. आता तो तिथेच राही आणि पट्टी हिरवी दिसे. यंत्राला वाटे, पोरगा सुधारला.

*

दसरा आठवड्यावर आला. ऑक्टोबरचं ऊन असं पडलं होतं की रस्त्यावरची कुत्रीही सावलीच्या रांगेत उभी होती. सकाळी नवा सिलिंडर आला. अंबादासनं तो जोडला, चार बाटल्या भरून बघितल्या, एक फोडली. टॉक्.

“ऐक, कसं वाजतंय!” तो म्हणाला.

सिद्धाराम दुसरंच काहीतरी ऐकत होता. सिलिंडरच्या मानेपाशी बारीक आवाज येत होता, कुणीतरी दातातून हवा सोडावी तसा.

“वायसर बदलायला पाहिजे,” तो म्हणाला.

“मंगळवारी बाजारातून आणतो.”

“आज आणलं तर?”

“नळी आवळलीय मी. मंगळवारी आणतो म्हटलं ना.” अंबादासची पट्टी पिवळी झाली. तो थांबला, श्वास घेतला, हसला. “मंगळवारी आणूया, सिद्धाराम. आता आठवडा राहिलाय फक्त.”

जेवण झालं होतं. अंबादासनं काठावर चपला काढल्या, चादर झटकली आणि खाली उतरला. सिद्धाराम काठावर उभा राहिला. त्याच्या घशात एक शिवी आली. साधीसुधी नव्हे, तिसरीपासून जमवलेली सगळी एकत्र. ती बाहेर पडली असती तर सायकलवाला पळत आला असता. सिद्धारामनं मनगटाकडे पाहिलं. कडा पिवळी व्हायला लागली होती. लाल झाली की सगळं पहिल्यापासून. अंबादासच्या नोकरीशिवाय आणखी एक उन्हाळा, अम्माच्या विड्यांवर आणखी सहा महिने.

त्यानं शिवी गिळली.

“तुला योग्य वाटेल तसं,” तो म्हणाला.

“आभारी आहे,” अंबादास म्हणाला आणि कुशीवर वळला.

जन्मात त्यानं हे शब्द कुणाला म्हटले नव्हते. सिद्धाराम पार्सलं द्यायला निघून गेला.

परत आला तेव्हा चहाची वेळ झाली होती. ऊन आत येऊ नये म्हणून शटर अर्ध्यावर होतं. पूर्वी तो शटरला लाथ घालून आत जाई. आता झोपमोड होऊ नये म्हणून बाहेरच पायरीवर बसला. सायकलवाल्याशी दोन शब्द बोलला. मग शटरखालून वाकून त्यानं हाक मारली, अगदी मऊ आवाजात.

“अंबादास, चहा घेणार का?”

सिलिंडरपाशी आता आवाज येत नव्हता. यायला आत काही उरलं नव्हतं.

सिद्धारामनं फळीवरची पणती काढली. तीन काड्या मोडल्या, चौथीनं पेटली. काठाखाली हातभर गेली आणि कुणी फुंकर घालावी तशी विझली. मग त्यानं छातीत हवा भरून उडी मारली आणि दोन्ही हातांनी चादर ओढली.

ह्या वेळी अंबादासनं ती धरून ठेवली नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळं करून पाहिलं. नंतर ते बाहेर येऊन बोलत असताना सिद्धाराम त्यांच्याकडे बघत नव्हता. तो अंबादासच्या मनगटाकडे बघत होता. पट्टी हिरवी होती. पट्टीच्या मते अंबादास इतका शांत आजवर कधीच नव्हता.

*

दिवसपाणी अजून व्हायचं होतं. दसरा आला आणि गेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सिद्धारामच्या फोनवर कार्यालयाचा निरोप वाजला : ‘अभिनंदन! आपला सुधारणा कालावधी यशस्वीपणे पूर्ण झाला आहे.’

मॅडमनी त्याला बसवलं, पाणी दिलं. ह्या खेपेला हळू आवाज प्रशिक्षणातला नव्हता.

“काय बोलू कळत नाही मला,” त्या म्हणाल्या. “यंत्रानं आपोआप पुन्हा तालीम घेतली. एकाच भागीदाराची.”

“मग?”

“दहाही वर्षं चाललं दुकान.” त्यांनी पडदा जरा आपल्याकडे वळवून घेतला. “वादाचं कारण... म्हणजे ते आता राहिलेलं नाही ना. कर्ज मंजूर झालंय.”

सिद्धारामला हसू आलं. असलं काही ऐकलं की तो शेजारी बघायचा आणि अंबादास काहीतरी बोलायचा. त्यानं शेजारी बघितलं. खुर्चीवर त्याचीच पिशवी होती, त्या दिवसापासून सोबत बाळगलेली.

“मला ते भांडण बघायचंय,” तो म्हणाला. “सहाव्या वर्षीचं.”

“कशाला त्रास करून घेताय?”

“आता अपील लागत नाही ना?”

“नाही लागत,” मॅडम म्हणाल्या आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

पडद्यावर दुकान होतं. तीच खोली, पण भिंतीला निळा रंग, बाटल्यांच्या रांगा, एक फ्रीज, भिंतीवर अम्माचा फोटो. हार नव्हता फोटोला. सिद्धारामची छाया मध्यभागी उभी होती, जरा टक्कल पडलेली, छाती काढून. तिच्या पायाखाली नवी कोरी शहाबादी फरशी होती. खड्डा नव्हता.

दारातून अंबादास आत आला. कुठल्याशा लग्नाहून आल्यासारखा, नवा सदरा, नवे बूट, हातात लाडवांचा पुडा. पोट सुटलेलं. कानशिलावर एखाददुसरा पांढरा केस. यंत्रानं त्याला सहा वर्षांनी मोठा केला होता आणि ते वय त्याला शोभत होतं.

त्यानं दुपारच्या सवयीनं आधी बूट उतरवले. मग खड्ड्यात उतरायला खाली बघितलं. बराच वेळ बघितलं.

“खड्डा कुठाय बे?”

“बुजवला.”

“आजोबाचा खड्डा बुजवलास?”

“सहा वर्षं सांगतोय. रोज पणती, रोज चादर. मला काय दुसरा धंदा नाही काय?”

“आणि काठावरच्या माझ्या चपला?”

 छाया फरशीकडे बोट दाखवून म्हणाली, “खालीच आहेत.”

मग जे भांडण झालं त्याला तोड नव्हती. तिसरीतल्या बाकापासून सगळं निघालं. अंबादास शिव्या देत होता, शिव्यांतून रडत होता, मध्येच लाडवाचा पुडा त्यानं छायेच्या अंगावर फेकला. “मेलास तू माझ्यासाठी!” तो ओरडला, एवढ्या जोरात की रांगेतल्या बाटल्या वाजल्या. “मेलास!” आणि रागाच्या भरात बूट तिथेच टाकून तो अनवाणी बाहेर पडला. बाहेर ऊन होतं. तापलेल्या रस्त्यावर त्याला नीट चालता येईना. एकेक पाय उचलत, उड्या मारत, मागे वळून वळून शिव्या देत तो कोपऱ्यापर्यंत गेला. तिथे चित्र संपलं.

“पुढं?” सिद्धारामनं विचारलं.

“दुकानाबाहेरचं यंत्र बघत नाही.”

“पण असतो ना तो? कुठंतरी?”

 मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला.

“मी काल पहिल्या तालमीच्या हजारही खेपा तपासल्या,” त्या म्हणाल्या. “तो सिलिंडर बऱ्याच खेपांत गळलाय. पण तुमचा मित्र एकाही खेपेत गेलेला नाही. प्रत्येक खेपेत तुम्ही त्याला आधीच ओढून बाहेर काढलेलं आहे. रोजच काढता तुम्ही. यंत्र त्यालाच वारंवार होणारा वाद म्हणतं.”

बाहेर बाकावरच्या कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. सिद्धारामनं चित्र परत लावायला सांगितलं. मॅडमनी लावलं. त्यानं आणखी एकदा सांगितलं. त्यांनी आणखी एकदा लावलं. “मेलास तू माझ्यासाठी!” अंबादास प्रत्येक वेळी तितक्याच जोरात ओरडत होता. सिद्धारामला वाटलं, आयुष्यात कुणी आपल्याला एवढं चांगलं बोललेलं नाही.

“कर्ज स्वीकारायचं की नाही, ते लेखी द्यावं लागेल,” शेवटी मॅडम म्हणाल्या. “घाई नाही. नको असेल तर तसं कारण लिहा.”

सिद्धारामनं त्यांच्याकडून कोरा कागद मागून घेतला आणि त्याच टेबलावर वाकून लिहायला बसला. मध्ये एकदा बाहेर जाऊन त्यानं अम्माला फोन केला आणि पुन्हा येऊन बसला. लिहून झाल्यावर त्यानं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, कागदासोबत मॅडमच्या पुढ्यात ठेवलं, आणि खालच्या कोपऱ्यात पोचचा शिक्का मागितला. मॅडमनी आधी शिक्का मारला, वाचलं नंतर.

प्रति,
मा. अधिकारी,
नवउद्योजक साहाय्य कार्यालय, सोलापूर.

विषय : सहाव्या वर्षीचे भांडण मंजूर होणेबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळवतो की, मला एकट्याला मंजूर झालेले कर्ज नको आहे. त्याऐवजी आपल्या कार्यालयाच्या पहिल्या तालमीत नोंद असलेले भांडण मंजूर व्हावे.

त्यासाठीच्या सर्व अटी मला मान्य आहेत. अर्जदार रोज दुपारी खड्ड्यात पणती सोडील व दुसऱ्या भागीदाराची चादर ओढील. सहाव्या वर्षी अर्जदार सदर खड्डा स्वखर्चाने मुरूम टाकून बुजवील. त्यावर दुसरे भागीदार श्री. अंबादास येमूल यांनी अर्जदारास वाटेल ते बोलावे, हाताला येईल ते फेकून मारावे आणि अनवाणी, परंतु स्वतःच्या पायांनी, दुकानातून निघून जावे. ते परत न आल्यास, त्यांनी जन्मभर अबोला धरल्यास, किंवा दुकान कायमचे बंद पडल्यास अर्जदाराची कोणतीही तक्रार राहणार नाही.

श्री. येमूल यांच्या आईची ह्यास हरकत नाही. त्यांना विचारले आहे.

तरी सदर भांडण शक्य तितक्या लवकर घडवून आणावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
सिद्धाराम हत्तुरे

सोबत : श्री. येमूल यांच्या चपला, एक जोड. खड्ड्यात पुरण्यासाठी लागतील.